पुरावा दाखवला की माणूस जास्तच अडून बसतो?

विरार लोकलच्या ग्रुपपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं: राजकारणात पुरावे देऊ नका, समोरचा उलट आणखी हट्टाला पेटतो. हा समज फोफावला तो नायहन आणि रायफलर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या २०१० च्या अभ्यासामुळे. इराकमध्ये महासंहारक शस्त्रं नव्हती हा खुलासा वाचून काही अमेरिकनांचा गैरसमज उलट पक्का झाला होता. पुढे वूड आणि पोर्टर या संशोधकांनी ५२ मुद्दे, दहा हजारांवर माणसं तपासली. असा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. माहिती लोक सुधारून घेतात. मत मात्र बहुधा त्याच नेत्याला देतात, आणि आपली चिडचिड होते ती इथे. तेव्हा बोरिवली येईपर्यंत आकड्यापुरतंच बोला. नेता (आणि समोरच्याची अक्कल) मध्ये काढू नका.