सॉकेट बंद करायचं तर कसं?

सॉकेट म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायला प्रोग्राम उघडतो ते नेटवर्कचं टोक. सी भाषेत नेटवर्कचा कोड लिहिणाऱ्या कुणाचीही जुनी फाइल उघडा. वरच्या पन्नास ओळींत कुठेतरी एक 'इफडेफ' (यंत्रणेनुसार कोड निवडणारी ओळ) सापडेलच: विंडोज असेल तर 'क्लोजसॉकेट', नसेल तर नुसतं 'क्लोज'. एक मॅक्रो (दोन्हींसाठी एकच टोपणनाव) लिहिला की काम भागतं आणि आपण पुढे जातो. पण सगळ्या यंत्रणांवर चालेल असा सॉकेटचा इंटरफेस रचायला बसलेला माणूस शेवटी याच ओळीपाशी परत येतो. उघडलेली वस्तू बंद करण्यावर युनिक्स (लिनक्स आणि मॅक त्याच कुळातले) आणि विंडोज या दोन घराण्यांचं एकमत का नाही, याची गोष्ट बरीच जुनी आहे.

'सॉकेट' हा शब्दच मुळात युनिक्सचा नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर टीसीपी हा आजचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांच्या बोलण्याचे नियम, येण्याआधी एनसीपी होतं. १९७१ साली जोएल विनेट यांनी आरएफसी १४७ या नेटवर्कच्या टिपणात सॉकेटची व्याख्या लिहिली, आणि त्याला ३२ बिटांचा क्रमांक दिला. हे सॉकेट एकमार्गी होतं. दोन्हीकडून बोलायचं तर जोडी लागायची, सम क्रमांकाचं घ्यायला आणि विषम क्रमांकाचं पाठवायला. एफटीपी (फाइली पाठवणं) २१, टेलनेट (दूरच्या यंत्रावर लॉगिन) २३, मेल २५ हे सेवांच्या पोर्टांचे विषम आकडे त्या जोड्यांचे अवशेष आहेत. मधला २२ मोकळा पडला होता, तो १९९५ साली एसएसएच या सुरक्षित लॉगिनच्या सेवेने मागून घेतला.

आज आपण वापरतो ते सॉकेट बर्कली विद्यापीठाचं. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने युनिक्ससाठी टीसीपी/आयपी लिहायचं काम बीबीएन या कंपनीला दिलं होतं. तिथल्या रॉब गुरविट्झ यांचा सुरुवातीचा कोड १९८१ मध्ये बर्कलीला पोहोचला. बर्कलीच्या बिल जॉय यांनी तो जसाच्या तसा घेतला नाही. वेगासाठी पिळून काढला आणि त्याच्यासमोर नवा इंटरफेस उभा केला. १९८२ मध्ये ४.१ए बीएसडीतून, म्हणजे बर्कलीच्या युनिक्समधून, तो मोजक्या लोकांच्या हाती पडला. जॉय सन कंपनीत गेल्यावर सॅम लेफ्लर यांनी काम पुढे नेलं आणि ऑगस्ट १९८३ मध्ये ४.२ बीएसडी बाहेर पडलं. अर्पानेटने त्याच वर्षी १ जानेवारीला टीसीपी/आयपी स्वीकारलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक दारात उभंच होतं.

जॉय यांचा मोठा निर्णय एकच: सॉकेट म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर. युनिक्समध्ये उघडलेल्या फाइलला, पाइपला (दोन प्रोग्राम जोडणाऱ्या नळीला), टर्मिनलला कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, एक लहान पूर्णांक देतो, ३, ४, ५ असा. सॉकेटलाही त्याच रांगेत बसवलं. म्हणून वाचायला 'रीड', लिहायला 'राइट' आणि बंद करायला 'क्लोज'. याचा फायदा पाहायचा तर 'आयनेटडी' पाहावं. हा प्रोग्राम एकटाच सगळ्या पोर्टांवर पहारा देतो. कुणी जोडलं की 'फोर्क' करतो (स्वतःची प्रत काढतो), ते सॉकेट ० आणि १ या वाचण्या-लिहिण्याच्या डिस्क्रिप्टरांवर चिकटवतो आणि ठरलेला प्रोग्राम सुरू करतो. त्या प्रोग्रामने 'प्रिंटएफ'ने काही छापलं की अक्षरं थेट समोरच्या यंत्रावर उमटतात. नेटवर्क म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नसतं.

सॉकेट म्हणजे फाइल ही उपमा पूर्ण लागू पडत नव्हती, हे बर्कलीकरांना कळत होतं. फाइलला नाव असतं, सॉकेट आधी तयार होतं आणि पत्ता मागून मिळतो. म्हणून 'बाइंड', 'लिसन', 'अ‍ॅक्सेप्ट', 'कनेक्ट' ही वेगळी मंडळी आली. पुढे बेल लॅब्सच्या प्लॅन ९ ने नेटवर्कही खरोखर फाइलींच्या झाडात बसवून दाखवलं. देखणी रचना होती, पण तोवर जग बर्कलीच्या वाटेला लागलं होतं.

पत्त्याचं दुखणंही तेव्हाचंच. बर्कलीला एकाच फंक्शनमधून इंटरनेटचे, झेरॉक्सच्या प्रोटोकॉलचे आणि त्याच यंत्रावरचे असे सगळ्या प्रकारचे पत्ते न्यायचे होते. सी भाषेत तेव्हा 'व्हॉइड पॉइंटर', म्हणजे कुठल्याही प्रकाराकडे बोट दाखवणारा पॉइंटर, नव्हता, तो प्रमाण सी बरोबर १९८९ मध्ये आला. मग 'सॉकअ‍ॅड्र' नावाचा एक बुजगावणा स्ट्रक्ट (माहितीचा बांधलेला गठ्ठा) केला: दोन बाइट कुळाचे, चौदा बाइट पत्त्याचे, आणि प्रत्येक ठिकाणी कास्ट, म्हणजे प्रकार बदलून दाखवणं. आयपीव्ही४ चा पत्ता त्या सोळा बाइटांत बरोबर मावायचा, म्हणून लोकांनी सोळा बाइट गृहीतच धरले. नंतरच्या, लांब पत्त्यांच्या आयपीव्ही६ चा स्ट्रक्ट निघाला अठ्ठावीस बाइटांचा. कुठलाही पत्ता मावेल असं 'सॉकअ‍ॅड्र-स्टोरेज' १९९९ च्या आरएफसी २५५३ मध्ये आलं, म्हणजे ४.२ बीएसडीनंतर सोळा वर्षांनी. मधल्या काळात, १९९० च्या ४.३ बीएसडी-रेनोमध्ये, बर्कलीने त्याच स्ट्रक्टच्या पहिल्या बाइटात लांबी घुसवली. मॅकवर ती अजून आहे. लिनक्स आणि विंडोजवर नाही. इंटरफेस रचताना हा स्ट्रक्ट वापरणाऱ्याच्या नजरेस पडू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एटी अँड टीने सिस्टिम व्ही या आपल्या युनिक्समध्ये टीएलआय हा सॉकेटला दुसरा पर्याय आणला होता. तो टिकला नाही. १९८९ मध्ये बर्कलीने नेटवर्किंगचा कोड एटी अँड टीच्या परवान्याविना मोकळा केला. टेप १००० डॉलरला मिळायची, पण एकदा हाती आली की कुणालाही वाटता यायची. स्पर्धा तिथेच संपली. पॉझिक्स या युनिक्सच्या सामाईक नियमावलीच्या मूळ प्रमाणात सॉकेट यायला मात्र २००१ उजाडलं.

आता विंडोज. १९९१ मध्ये पीसीवर टीसीपी/आयपी हवं तर ते कुठल्या तरी कंपनीकडून विकत घ्यावं लागे, आणि प्रत्येक कंपनीचा इंटरफेस निराळा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने किती जणांसाठी लिहायचं? त्या वर्षीच्या इंटरॉप परिषदेत जेएसबी कंपनीच्या मार्टिन हॉल यांनी अनौपचारिक बैठकीत विषय काढला: सगळ्यांनी मिळून एकच करार ठरवू. त्यातून विंडोज सॉकेट्स, म्हणजे विनसॉक जन्मलं. १.० आवृत्ती जून १९९२ ची, चांगली रुळलेली १.१ जानेवारी १९९३ ची. कराराचा उपयोग असा झाला की टास्मानियातल्या पीटर टॅटम यांनी घरगुती ट्रम्पेट विनसॉक लिहिलं आणि जगभरचे ब्राउझर त्याच्यावर मुकाट चालले. ऑगस्ट १९९५ मध्ये व्हीएसएनएलने मुंबईसह काही शहरांत इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विंडोज ३.१ वाल्यांची मदार त्याच्यावरच असे. मोडेमचा किंचाळा ऐकलेल्यांना ती छोटीशी खिडकी आठवत असेल.

पण कराराला विंडोज ३.१ ची बेडी होती. तिथे एक प्रोग्राम आपणहून थांबला तरच दुसऱ्याला वेळ मिळायचा. 'रिसीव्ह' म्हणून वाट बघत बसलात तर सगळं यंत्रच ताटकळायचं. म्हणून 'डेटा आला की माझ्या खिडकीला संदेश पाठव' असं सांगणारं 'डब्ल्यूएसए-असिंकसिलेक्ट' आलं. टीसीपी/आयपी कर्नलमध्ये नव्हतं, बाहेरून आणलेल्या डीएलएलमध्ये (चालताना जोडायच्या कोडच्या फाइलीत) होतं. सी कंपायलरच्या लायब्ररीला फाइलींचे आकडे माहीत, या डीएलएलचे नाहीत. मग 'क्लोज' कुणाला हाक मारणार? म्हणून 'क्लोजसॉकेट'. 'एररनो' (शेवटच्या चुकीचा क्रमांक) पण लायब्ररीचाच, म्हणून चूक विचारायला 'डब्ल्यूएसए-गेटलास्टएरर'. डीएलएलशी आवृत्ती ठरवायला आधी 'डब्ल्यूएसए-स्टार्टअप'. पुढे विंडोज एनटीत सॉकेट कर्नलच्या हँडलपर्यंत (उघडलेल्या वस्तूच्या विंडोजच्या खुणेपर्यंत) पोहोचलं, त्यावर 'रीडफाइल'ही चालायला लागलं, पण नावं तोवर दगडावर कोरली गेली होती.

नावांचे हे फरक कंपायलर दाखवतो, म्हणून ते स्वस्त. महाग पडतात ते गप्प राहणारे. विंडोजवर सॉकेटचा प्रकार बिनचिन्हाचा आहे, म्हणजे आकडा ऋण होत नाही. 'एस शून्याहून लहान आहे का' ही चूक ओळखण्याची, युनिक्सवाल्याच्या बोटांत बसलेली तपासणी तिथे कधीच खरी ठरत नाही. अनेक सॉकेटांवर एकदम नजर ठेवणाऱ्या 'सिलेक्ट'चा 'एफडी-सेट' दोन्हीकडे त्याच मॅक्रोंनी भरतात, पण लिनक्सवर तो १०२४ बिटांचा पट आहे आणि विंडोजवर ६४ हँडलांची यादी. विंडोजवर पासष्टावं सॉकेट निमूट गळतं. लिनक्सवर दोनच सॉकेट असली तरी एकाचा आकडा १०२४ वर गेला की शेजारची मेमरी खराब होते. 'अ‍ॅक्सेप्ट'ने मिळालेलं सॉकेट बीएसडीवर आणि विंडोजवर ऐकणाऱ्या सॉकेटचा न थांबण्याचा (डेटा नसेल तर वाट न बघता परतण्याचा) गुण घेऊन येतं, लिनक्सवर तो पुन्हा लावावा लागतो.

आणि सिगपाइप. विंडोजवर महिनाभर नीट चाललेला माझा एक सर्व्हर लिनक्सवर नेल्यावर रात्री-अपरात्री नाहीसा व्हायचा. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही. समोरच्याने तोडलेल्या जोडणीवर लिहिलं की युनिक्स सिगपाइप हा सिग्नल पाठवतं आणि तो हाताळला नसेल तर प्रोसेस तिथेच संपते. पाइपलाइनमधला पुढचा प्रोग्राम मेला तर मागच्याने उगाच राबू नये, म्हणून ही सोय होती. सॉकेट फाइलींच्या रांगेत बसलं तेव्हा हा वारसाही सोबत आला. उपायही एक नाही: लिनक्सवर प्रत्येक 'सेंड'ला 'एमएसजी-नोसिग्नल' द्यायचं, मॅकवर सॉकेट तयार झाल्याझाल्या 'एसओ-नोसिगपाइप' लावायचं.

हजारो जोडण्यांचा काळ आला तेव्हा दोन घराण्यांतलं अंतर आणखी वाढलं. फ्रीबीएसडीने २००० मध्ये 'केक्यू' आणलं, लिनक्सने २००२ मध्ये 'ईपोल'. दोन्ही एवढंच सांगतात: वाचण्याजोगं काही आलंय, ये आणि ने. विंडोज एनटीच्या ३.५ आवृत्तीत १९९४ पासूनच 'कम्प्लीशन पोर्ट' होते. तिथे बफर (डेटा ठेवायची जागा) आधी देऊन ठेवायचा, तो भरला की निरोप येतो. एकीकडे घंटा वाजल्यावर भांडं घेऊन जायचं, दुसरीकडे भांडं दारात ठेवून झोपायचं. दहा हजार जोडण्यांना चार-चार किलोबाइट आधी दिले तर बहुतेक गप्प असतानाही चाळीस मेगाबाइट अडकतात.

दोन्ही एकाच छपराखाली आणायचे प्रयत्न बरेच झाले. नोड.जेएस (जावास्क्रिप्टमधले सर्व्हर चालवणारी यंत्रणा) विंडोजवर न्यायचं ठरलं तेव्हा त्यातून २०११ मध्ये 'लिबयूव्ही' वेगळं निघालं. त्याने विंडोजची रीत प्रमाण मानली, कारण घंटेवरून भरलेलं भांडं पोहोचवता येतं, उलटा प्रवास फार अवघड. बफरसाठी त्याने एक कॉलबॅक (वेळ आली की बोलावलं जाणारं आपलं फंक्शन) ठेवला: युनिक्सवर तो डेटा दारात आल्यावरच बोलावला जातो. युनिक्सवाल्यांना ही उठाठेव वाटायची. मग २०१९ मध्ये लिनक्स ५.१ मध्ये जेन्स अ‍ॅक्सबो यांचं 'आयओ-यूरिंग' आलं आणि लिनक्सही भांडं दारात ठेवायला लागलं.

तिथे बंद करण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कर्नलच्या हाती आपला बफर असताना 'क्लोज' म्हटलं आणि पुढच्याच ओळीत 'फ्री' केलं, तर कर्नल सोडून दिलेल्या मेमरीत लिहील. म्हणून लिबयूव्हीचं 'यूव्ही-क्लोज' कॉलबॅक मागतं. आधी बंद करायची विनंती करायची, अडकलेली कामं रद्द झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं, आणि मेमरी त्या कॉलबॅकमध्येच सोडायची.