विकास शुल्क आणि पाणीपट्टी : नव्या वसाहतीत पाइप कशातून येतो, पाणी कशातून?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या वसाहतीची सभा पार्किंगमध्ये भरली होती. विषय एकच, टँकर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीच्या अगदी टोकाला आमच्या दोन इमारती आहेत, ४० बिऱ्हाडं. जांभा फोडून मारलेली बोअरवेल मार्चअखेरीस हवा ओढायला लागते, आणि मग रोज टँकरवाल्याला फोन. सभेत तळमजल्यावरच्या काकांनी एक झेरॉक्स वर धरली. बिल्डरने बांधकाम परवानगीच्या वेळी भरलेल्या विकास शुल्काची ती पावती. "पैसे घेतलेत ना? मग पाइप कुठाय?" असा त्यांचा सरळ प्रश्न. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आपण दोन वर्षांची पाणीपट्टी आगाऊ भरू, दुप्पट भरू, पण लाइन टाका म्हणून सांगू."

दोघांचीही तळमळ खरी होती आणि दोघांचाही हिशोब चुकलेला होता. सेक्रेटरी म्हणून मला पुढे या कामासाठी बरेच हेलपाटे घालावे लागले. तेव्हा कळलं की ही गल्लत फक्त आमच्याकडची नाही. कोकणात जिथे जिथे गावाच्या कडेला नव्या इमारती उठल्या आहेत, तिथे तिथे लोक या दोन पैशांना एकच समजतात आणि मग चुकीच्या टेबलासमोर भांडतात.

आधी विकास शुल्क. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यात १९९२ साली एक नवं प्रकरण घातलं गेलं आणि जमिनीचा विकास किंवा बांधकाम करणाऱ्याकडून हे शुल्क घ्यायचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे आमच्या बाबतीत नगरपरिषदेला, मिळाला. ते एकदाच भरायचं असतं, परवानगी घेताना. भरतो बांधणारा. अर्थात तो ते फ्लॅटच्या किमतीत धरतो, म्हणून काकांना ते आपलेच पैसे वाटतात, आणि ते वाटणं चूक नाही. निवासी वापरासाठी दर असा आहे : रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारच्या जमीनदरांच्या तक्त्यातल्या, विकसित जमिनीच्या दराच्या अर्धा टक्का भूखंडाच्या क्षेत्रफळावर, आणि २ टक्के बांधकामाच्या क्षेत्रफळावर. व्यापारी वापराला याच्या दुप्पट.

हा पैसा विकास निधीत जमा होतो, आणि तो निधी सार्वजनिक सुविधांसाठी असतो. इथे 'सुविधा' हा शब्द नीट वाचायला हवा. त्यात रस्ता येतो, गटार येतं, दिवाबत्ती येते, बाग येते, आणि पाणीही येतं. म्हणजे पावतीवर तुमच्या वसाहतीचं नाव असलं तरी तो पैसा तुमच्या वसाहतीच्या पाइपसाठी बाजूला काढून ठेवलेला नसतो.

शिवाय तो पुरतो किती, हेही बघा. मी सभेत फळ्यावर मांडलेला हिशोब इथे देतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्याकडचे वेगळे असतील. समजा भूखंड २,००० चौरस मीटरचा, बांधकाम ३,००० चौरस मीटर, आणि रेकनरचा जमिनीचा दर चौरस मीटरला ४,००० रुपये. भूखंडावर चौरस मीटरला २० रुपये, म्हणजे ४०,०००. बांधकामावर चौरस मीटरला ८० रुपये, म्हणजे २,४०,०००. एकूण २ लाख ८० हजार. आता सगळ्यात जवळची वितरण वाहिनी ८५० मीटरवर संपते असं धरा. खोदाई, पाइप, जोड, व्हॉल्व्ह चेंबर आणि रस्ता पूर्ववत करणं धरून मीटरला २,००० रुपये पडले, तर काम १७ लाखांचं झालं. रस्ता, गटार सगळं विसरून शुल्काचा पैन् पै पाण्यावर लावला तरी पाइप येतो १४० मीटर. उरलेल्या ७१० मीटरचं काय?

हा फळा पाहून सभा शांत झाली. काका मात्र बराच वेळ त्या १४० कडे बघत बसले होते.

कोकणात हे अंतरच जीव काढतं. घाटावरच्या गावासारखी घरं एकमेकांना चिकटून नसतात. एक वाडी टेकाडावर, दुसरी पऱ्याच्या पलीकडे, मध्ये कातळ. मऊ मुरुमात चर पटकन निघतो, कातळात ब्रेकर लावावा लागतो, आणि अंदाजपत्रकात या दोन खोदाईंचे दर वेगवेगळे असतात. वाटेत राष्ट्रीय महामार्ग ६६ किंवा कोकण रेल्वेचा रूळ आडवा आला तर त्यांची परवानगी आणि त्यांचा खर्च वेगळा. माणशी पाइपची लांबी इथे जास्त, म्हणून माणशी भांडवलही जास्त लागतं.

आता पाणीपट्टी. ही दरवर्षी भरायची, आणि भरतो पाणी वापरणारा. नगरपरिषद आपल्या १९६५ च्या कायद्याखाली ती बसवते, ग्रामपंचायत १९५८ च्या. ग्रामपंचायतीच्या कायद्यात तर सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार आहेत : घरात नळजोडणी असलेल्याला विशेष, आणि जोडणी नाही पण पंचायतीने केलेल्या पाणीपुरवठ्याचा लाभ मिळतो त्याला सामान्य. हा पैसा कुठे जातो हे बघायचं तर पंपघरात जाऊन उभं राहावं.

मी गेलो होतो, आमच्या शेजारच्या ग्रामपंचायतीच्या पंपघरात. आत पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचा वास नाकात जातो, कोपऱ्यात तुरटीची पोती, भिंतीला स्टार्टर, आणि खिळ्याला अडकवलेली वही. पाणी सोडणारा माणूस रोज पहाटे पंप चालू करून वहीत वेळ लिहितो. १० अश्वशक्तीचा पंप रोज ६ तास चालला तर महिन्याला साधारण १,३५० युनिट वीज जळते. त्यात त्या माणसाचा पगार, पावडर, तुरटी, आणि कुठे रस्त्याच्या कामात फुटलेला पाइप जोडण्याचा खर्च. हे सगळं पाणीपट्टीतून भागवायचं. १२० जोडण्या आणि वर्षाला प्रत्येकी १,२०० रुपये धरले तर वसुली पूर्ण झाल्यावर जमतात १ लाख ४४ हजार, म्हणजे महिन्याला १२,०००. एवढ्यात वीजबिल आणि एक पगार बसवून दाखवा.

म्हणून वहिनींचं म्हणणं मनापासूनचं असलं तरी चालत नाही. पाणीपट्टी हा चालू खर्चाचा पैसा. आम्ही ४० घरांनी वर्षाला १,५०० रुपयांप्रमाणे दोन वर्षांची दुप्पट पट्टी आगाऊ दिली, तरी २ लाख ४० हजार होतात. तो पैसा चरात पुरला, तर दोन वर्षं आमच्या नळाच्या विजेचं बिल कोण भरणार? इतर वॉर्डांतले लोक, ज्यांची पट्टी आधीच अपुरी पडते आहे.

उलट बाजूची चूक मला जास्त घातक वाटते. विकास निधीतली शिल्लक बघून तिच्यातून थकलेलं वीजबिल किंवा पगार भागवायचा मोह कुठल्याही संस्थेला होऊ शकतो. तसं झालं तर नवी वाहिनी कायमची मागे पडते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण जुन्या गावाचे नळ चालू असतात. त्रास होतो तो फक्त टोकाला राहणाऱ्यांना.

मग मोठा खर्च खरंच कशातून होतो? शहरी भागात बहुतेक वेळा योजनेतून. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत १ लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा केंद्राने उचलायचा ठरला. कोकणातली चिपळूण, मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ल्यासारखी गावं याच गटात बसतात. उरलेल्यात राज्याचा आणि नगरपरिषदेचा स्वहिस्सा. हा स्वहिस्सा उभा करायची वेळ येते तेव्हा विकास निधी जपून ठेवला होता की नाही, याचा फरक पडतो. काकांच्या हातातल्या पावतीची खरी किंमत मला इथे दिसते. तेवढ्याने पूर्ण पाइप होत नाही, पण पाइपच्या योजनेत नगरपरिषदेला आपला वाटा घालता येतो.

ग्रामीण भागात याच जागी लोकवर्गणी येते, आणि तिचीही पाणीपट्टीशी तशीच गल्लत होते. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाचा १० टक्के भाग गावाने उचलायचा, डोंगराळ आणि वनक्षेत्रातल्या गावांनी ५ टक्के. रोख, वस्तू किंवा श्रमदान, कसंही. "आम्ही चर खणले, आता पट्टी कसली?" हे वाक्य मी वाडीवाडीवर ऐकलंय. चर खणला तो भांडवलात जमा झाला. पंप रोज फिरतो त्याचं बिल वेगळं.

आणि एक अडचण जी कोणी बोलत नाही. ग्रामीण योजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरून आखली जाते. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरी भागाला १३५ लिटर धरतात. ४० फ्लॅट, घरात ५ माणसं, म्हणजे २०० माणसं. ५५ च्या मापाने ११,००० लिटर, १३५ च्या मापाने २७,०००. ग्रामपंचायत हद्दीत इमारत उभी राहते, आतलं राहणं मात्र शहरी असतं, फ्लश, शॉवर, वॉशिंग मशीन. रत्नागिरीलगतचं कुवारबाव, चिपळूणलगतचं खेर्डी, अशी शहराला चिकटून वाढलेली गावं डोळ्यांसमोर आणा. त्यातून मोठ्या इमारतीची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नसते. शुल्काचा कागद एका कार्यालयात, आणि "पाणी द्या" म्हणून मोर्चा ग्रामपंचायतीवर. त्या सरपंचाची मला खरोखर कीव येते.

पनवेलकडे सिडकोच्या नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या पट्ट्यात, नगररचना योजना राबवतात. अशा योजनेत जमीनमालकाकडून सुधार आकार घ्यायची तरतूद असते. तो तिसराच प्रकार. जमिनीची किंमत वाढली त्यातला वाटा, असं त्याचं स्वरूप आहे. दक्षिण कोकणातल्या माझ्यासारख्याला त्याचा फारसा संबंध येत नाही, पण पावतीवर हा शब्द दिसला तर तो विकास शुल्क समजू नये. नळजोडणीची अनामत हीदेखील वेगळीच, ती फक्त तुमच्या दारातल्या जोडणीपुरती. आणि कंपाउंडच्या आतली सगळी लाइन, टाकी, पंप हे बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करायचं असतं. त्यासाठी कोणाकडेही अर्ज करत बसू नका, करारनामा काढून वाचा.

सभेनंतर आम्ही दोन कागद तयार केले. पहिला माहितीच्या अधिकारातला अर्ज : गेल्या ५ वर्षांत विकास निधीत किती जमा झाले, कोणत्या कामांवर खर्च झाले, शिल्लक किती. दुसरं निवेदन : आमच्या भागापर्यंतची वितरण वाहिनी पुढच्या योजनेच्या अंदाजपत्रकात घ्या. पाणीपट्टीचा उल्लेख दोन्हीत कुठेच केला नाही, मुद्दाम. शेजारच्या ग्रामपंचायतीत राहणाऱ्या मित्राला मी वेगळं सुचवलं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ३० टक्के भाग पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी बांधून दिला. तो कुठे लागला हे गावाच्या विकास आराखड्यात दिसतं, आणि तो आराखडा बघायचा हक्क ग्रामसभेला आहे.

तो म्हणाला, "१ मेच्या ग्रामसभेत विचारतो." मी म्हटलं, मे महिन्यात सगळेच पाण्यावर बोलतात, तेव्हा फक्त टँकर मंजूर होतो. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. तेव्हा विहिरी काठोकाठ असतात, भात कापणीला आलेलं असतं, आणि पाण्याचा विषय काढायला कोणी उठत नाही. त्या दिवशी तू ऊठ.

गेल्या आठवड्यात नगरपरिषदेचे ओव्हरसियर टेप घेऊन आले होते. काका त्यांच्याबरोबर उन्हात शेवटपर्यंत चालले, टेपचं दुसरं टोक धरून. अंतर ८३२ मीटर भरलं, मधला १९० मीटरचा पट्टा कातळाचा. काकांनी तो आकडा पावतीच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवलाय.