उच्चारदोष (शाळकरी मुलांमधले)

उच्चारदोष म्हणजे मुलाला काय बोलायचंय ते पक्कं माहीत असतं पण तोंडातून ठरावीक आवाज वेगळाच निघतो, कावळ्याचा तावला, रामाचा लाम. तीन वर्षांच्या पोराचे बोबडे बोल गोडच वाटतात, पण चार वर्षांपर्यंत परक्या माणसालाही बहुतेक बोलणं कळायला हवं. दुसरीतला मुलगा उभा राहून "तावला" वाचतो, वर्ग हसतो आणि मग तो हात वर करणंच सोडतो, हे फार वाईट.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच, क घशाकडे, च टाळूला, ट जीभ मागे वळवून, त दाताला, प ओठाला. क चा त होतो कारण जिभेचा मागचा भाग उचलायच्या ऐवजी शेंडा पुढे टेकतो. म्हणून स्पीच थेरपिस्ट (बोलणं सुधारणारे तज्ज्ञ) आरशासमोर बसवून चपट्या काडीने शेंडा हलकेच खाली दाबून धरतात अन् क म्हणायला लावतात, मग मागचा भाग उचलण्याशिवाय जिभेला पर्यायच राहत नाही.

ओठ, जीभ, जबडा किती चपळ आहेत ते बघायला "प-त-क, प-त-क" भरभर म्हणायला सांगतात, चावणं आणि लाळ गळणंही बघतात. पण नुसते फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवून र येत नाही, र म्हणूनच र येतो. जिभेला वेखंड-मध चोळूनही नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये.

आधी कान तपासा, नीट ऐकूच येत नसेल तर नीट बोलणार कसं? जिभेखालचा पडदा आखूड असणं, टाळू दुभंगलेला असणं हीपण कारणं, पण बऱ्याचदा कारण सापडतच नाही. सहा-सात वर्षांला पुढचे दात पडून स बिघडतो तो दात आले की बहुतेक सुधारतो.

पुण्यात एक गल्लत नेहमी होते. घरी आई-आजी सगळेच "पानी" म्हणत असतील तर ती बोली आहे, दोष नाही, त्या मुलाला थेरपी नको, त्याला हसणं थांबवायला हवं.

धनकवडीला भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण शास्त्राचं कॉलेज आहे, तिथे हेच शिकवतात. शाळा-अंगणवाड्यांमधून मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात ऐकण्याच्या आणि भाषेच्या अडचणीही येतात. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे ना ते विचारा. घरी रोज दहा मिनिटं रा-री-रू, मग रवा, बरणी, घर, मग वाक्यं. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या पायरीला, म्हणजे रोजच्या बोलण्यात तो आवाज यायला लागतो, पुस्तकात बघून "रवा" छान म्हणणारं पोर ग्राउंडवर मित्राला हाक मारताना परत "लोहित" म्हणतं.