जलसंवर्धन, घरगुती (हायड्रोपोनिक्स)

मातीऐवजी पोषक क्षार विरघळवलेल्या पाण्यात भाजीपाला वाढवण्याची पद्धत. मुळांना आधार म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट), बारीक खडी किंवा स्पंजचा तुकडा वापरतात. अन्न मात्र सगळे पाण्यातून मिळते. ‘मृदाविरहित शेती’ आणि ‘पाण्यावरची शेती’ असेही शब्द रूढ आहेत. ‘जलसंवर्धन’ हा शब्द पाण्याचे स्रोत राखण्याच्या अर्थानेही वापरला जात असल्याने घोटाळा होतो. असा घोटाळा मुळातही झाला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ मध्ये या पद्धतीसाठी ‘ॲक्वाकल्चर’ हा शब्द वापरला, पण तो जलचरांच्या संवर्धनासाठी आधीच चालू होता. तेव्हा त्यांचे सहकारी सेचेल यांनी ग्रीक ‘हायडोर’ (पाणी) आणि ‘पोनोस’ (श्रम) यांवरून ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द सुचवला आणि १९३७ मध्ये तो छापून आला.

उगमाबद्दल मतभेद आहेत. बॅबिलोनच्या झुलत्या बागा, मेक्सिकोतील चिनाम्पा आणि काश्मीरच्या दल सरोवरावरच्या तरंगत्या भाजीबागा यांना या पद्धतीचे पूर्वज मानण्याची प्रथा लोकप्रिय लेखनात आहे. ती तपासून घ्यायला हवी. झुलत्या बागांचा निर्विवाद पुरातत्त्वीय पुरावा बॅबिलोनमध्ये मिळालेला नाही, आणि काही अभ्यासक त्या निनेव्हे येथे असाव्यात असे मानतात. चिनाम्पा म्हणजे सरोवरातला गाळ उपसून रचलेले वाफे. तिथे मातीच आहे. दलच्या बागांतही पाणवनस्पतींच्या थरावर गाळ व कुजलेले शेवाळ घालतात. या तिन्ही ठिकाणी पाणी विपुल आहे. पण वनस्पतीचे अन्न मोजून पाण्यात घालण्याची कल्पना त्यांत दिसत नाही. त्यामुळे सुरुवात प्रयोगशाळेतून झाली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड यांनी १६९९ च्या सुमारास पुदिन्याच्या रोपांवर प्रयोग केले. पावसाच्या पाण्यापेक्षा थेम्स नदीच्या पाण्यात, आणि त्याहून बागेतली माती कालवलेल्या पाण्यात रोपे अधिक वाढली. १८६० च्या आसपास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी शुद्ध क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखवली.

क्नोप यांच्या द्रावणाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण घरगुती आणि स्वस्त पद्धतीची किल्ली तिथे आहे. लोहाचा अंश सोडला तर त्यात चारच क्षार होते : कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. ठिबक सिंचनामुळे महाराष्ट्रातील द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात विद्राव्य खतांचा वापर रुळला आहे. त्या भागातील कृषी सेवा केंद्रांत हेच चार क्षार मिळतात. पुड्यावर मात्र दुसरा आणि तिसरा क्षार अनुक्रमे १३:०:४५ आणि ०:५२:३४ या नावांनी असतात (आकडे ओळीने नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के). ‘हायड्रोपोनिक किट’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुधा याहून वेगळे काही नसते. पालेभाज्यांसाठी दर १० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ हे ४ ग्रॅम, ०:५२:३४ हे १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेली राहतील अशा रूपातली) सूक्ष्म अन्नद्रव्ये चिमूटभर, असे प्रमाण धरल्यास लिटरमागे सुमारे १४५ मिलिग्रॅम नत्र मिळते. पालक, लेट्यूस, कोथिंबीर यांना ते पुरते.

खते एकत्र करून दाट द्रावण बनवू नये. कॅल्शियमची सल्फेट व फॉस्फेट यांच्याशी गाठ पडली की पांढरा साका खाली बसतो. म्हणजे अन्न भांड्याच्या तळाशी जाते आणि रोप उपाशी राहते. प्रत्येक क्षार वेगळ्या तांब्यात विरघळवून भरलेल्या बादलीत एकेक ओतावा, कॅल्शियम नायट्रेट सर्वांत शेवटी. बागायतदारांच्या सवयीचे १९:१९:१९ हे मिश्र खत इथे फारसे उपयोगी पडत नाही. त्यातला नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जीवाणू युरियाचे रूपांतर करतात. स्वच्छ पाण्यात ते काम फार सावकाश होते.

पद्धतींपैकी घराला सर्वांत सोयीची म्हणजे पंपाविना, स्थिर पाण्याची. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती विकसित केली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. खाद्यतेलाचा ५ लिटरचा कॅन किंवा फळांचे थर्माकोलचे खोके घ्यावे. झाकणाला भोक पाडून त्यात तळाला छिद्रे पाडलेला प्लास्टिकचा कप बसवावा. द्रावण कपाच्या तळाला जेमतेम टेकेल इतके भरावे. उजेड आत गेला तर शेवाळ धरते, म्हणून भांड्याला बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. काळ्यामुळे उजेड अडतो, पांढऱ्यामुळे पाणी कमी तापते. लेट्यूसच्या एका रोपाला साधारण ४ लिटर द्रावण काढणीपर्यंत पुरते.

तीन आठवड्यांनी झाकण उचलून पाहिले तर पाण्याची पातळी चार बोटे खाली गेलेली असते आणि मुळे दोन प्रकारची दिसतात. वरच्या मोकळ्या जागेतली आखूड, दाट, पांढऱ्या लवेसारखी. खालची लांब, सुतासारखी, पाण्यात सोडलेली. वरची मुळे हवेतला प्राणवायू घेतात. नवशिके नेमके इथे चुकतात : पाणी कमी झाले म्हणून प्रेमाने भांडे काठोकाठ भरतात, आणि पाण्यात उभे असलेले रोप दुपारपर्यंत मान टाकते. भर घालायचीच झाली तर निम्मी पातळी ओलांडू नये. गेरिक यांच्या टाकीतही द्रावण आणि वरची जाळी यांच्यामध्ये हवेची जागा असे. क्रॅटकींच्या पद्धतीचे हे जुने नाते फारसे सांगितले जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातीलच होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये चांगल्या मातीतल्या उत्पादनाशी तुलना करून या पद्धतीबद्दलचे अवास्तव दावे खोडून काढले, तेव्हा मुळांना हवा देण्याची गरजही स्पष्ट मांडली. त्यांचा निष्कर्ष आजच्या जाहिराती वाचतानाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भारतात स्वस्त पद्धतीचा पद्धतशीर प्रयत्न शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ च्या सुमारास तेव्हा दार्जिलिंग जिल्ह्यात असलेल्या कालिम्पाँग येथे केला. ‘बंगाल पद्धती’ म्हणून ती ओळखली जाते. खडी आणि वाळूच्या वाफ्यावर कोरडी खते हाताने पसरून वरून पाणी द्यायचे, यंत्र कोणतेच नाही. पंप आणि काचघर यांच्याशिवाय हे जमते, हे तिने दाखवले.

महाराष्ट्रात अडचण पाण्याच्या प्रतीची येते. पठारावरील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) चढतो, लोह मुळांना मिळत नाही आणि नवी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. ऊस शेतकरी यालाच केवडा म्हणतात. सामू ५.५ ते ६.५ दरम्यान हवा. मुंबईचे तलावांतून येणारे पाणी त्या मानाने मऊ असल्याने तिथल्या गॅलरीत हा त्रास कमी. एप्रिल-मे महिन्यांत द्रावण ३० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि मुळे तपकिरी होऊन सडतात. भांडी सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवणे हाच स्वस्त उपाय. पावसाळ्यात उघड्या गच्चीवर द्रावण पातळ होते. झाकणाची प्रत्येक फट बुजवावी : डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

पालक, माठ, आंबट चुका, पुदिना, लेट्यूस ही सोपी पिके. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाके करून पेरतात. टोमॅटो-मिरचीला पालाश आणि पाणी जास्त लागते, लहान कॅन पुरत नाही. दिवसाला चार-पाच तास ऊन नसलेल्या गॅलरीत कोणतेच पीक नीट येत नाही. गोव्यात व महाराष्ट्रात ट्रेमध्ये वाढवला जाणारा मक्याचा ‘हायड्रोपोनिक चारा’ या नोंदीत येत नाही. तो बियाण्यातल्या साठ्यावरच आठवडाभर वाढतो, त्याला सहसा खत देत नाहीत.

काढणीनंतर उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. दुप्पट पाणी घालून ते कुंडीतल्या झाडांना देतात.