तुर्की नागरिकांचा परदेशातील कामाचा परवाना

तुर्कस्तानच्या नागरिकाला परदेशात नोकरी करण्यासाठी यजमान देश देतो ती कायदेशीर मुभा. पहिला परवाना मिळवण्याची रीत बहुतेक ठिकाणी इतर परदेशी नागरिकांसारखीच असते : आधी नोकरीचा करार, मग व्हिसा, मग निवासाचा परवाना. यूरोपीय संघात मात्र त्यापुढचे हक्क वेगळ्या कायद्याने ठरतात. या नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

भरतीचा करार : पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात ३० ऑक्टोबर १९६१ रोजी कामगारभरतीचा करार झाला. तो रीतसर तह नव्हता. दोन्ही सरकारांनी राजनैतिक टिपणांची देवाणघेवाण केली, एवढेच. पुढाकार कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्याने पूर्वेकडून येणारे मनुष्यबळ आटले आणि म्हणून जर्मन उद्योग तुर्कस्तानकडे वळले, असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. अलीकडचे काही अभ्यासक तुर्कस्तानच्याच आग्रहावर भर देतात : देशातील बेकारी, परकीय चलनाची निकड आणि नाटोचा सदस्य असताना ग्रीसपेक्षा डावे स्थान नको ही भावना. इटलीशी १९५५ मध्ये, तर स्पेन व ग्रीसशी १९६० मध्ये, म्हणजे भिंतीच्या आधीच, जर्मनीचे असे करार झाले होते. तारखांचा हा क्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भिंतीने फार तर वेग वाढवला असावा.

मूळ मसुद्यात मुक्कामाला दोन वर्षांची मर्यादा होती. शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवायचा आणि नव्याला पुन्हा शिकवायचे, हे कारखानदारांना परवडेना. १९६४ च्या सुधारणेत ती मर्यादा गेली. निवड इस्तंबूलच्या जर्मन संपर्क कार्यालयात होई. उमेदवारांना अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे करून दात, रक्त, लघवी व छातीचा एक्स-रे तपासत. पास झालेले सिर्केजी स्थानकातून आगगाडीने निघत आणि म्युनिकच्या ११ क्रमांकाच्या फलाटावर उतरत. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी जर्मनीने भरती थांबवली.

परवान्याच्या पायऱ्या : तुर्कस्तान व यूरोपीय आर्थिक समुदाय (यूरोपीय संघाचा पूर्वावतार) यांच्यातील १९६३ च्या अंकारा कराराखालील सहयोग परिषदेचा निर्णय क्र. १/८० हा या विषयाचा कणा होय. पहिला प्रवेश द्यायचा की नाही, हे प्रत्येक देशाच्या हाती राहते. पण एक वर्ष कायदेशीर नोकरी झाल्यावर त्याच मालकाकडे काम शिल्लक असेल, तर परवाना वाढवून मिळण्याचा हक्क येतो. तीन वर्षांनी त्याच व्यवसायात दुसरा मालक धरता येतो, मात्र संघातील कामगारांना अग्रक्रम असतो. चार वर्षांनी कोणतीही नोकरी खुली होते.

‘कायदेशीर नोकरी’ म्हणजे काय, यावर यूरोपीय न्यायालयात बराच खल झाला. सेविंजे खटल्यात (१९९०) निवासाला नकार मिळालेला कामगार अपील प्रलंबित असताना काम करत राहिला होता. तो काळ मोजता येणार नाही, रोजगारबाजारातील स्थान पक्के व स्थिर हवे, असे न्यायालयाने ठरवले. परंतु त्याच निकालात परिषदेचा निर्णय क्र. १/८० तुर्की नागरिकाला न्यायालयात थेट वापरता येतो, हेही मान्य झाले. तो तोवर संघाच्या राजपत्रात छापलाच गेला नव्हता. तरी सरकारला त्या सबबीवर हक्क नाकारता येणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले. कुश खटल्यात (१९९२) जर्मन पत्नीशी घटस्फोट झालेल्या कामगाराचा प्रश्न होता. तो लग्नासाठी आला होता हे गैरलागू ठरले. वैध परवान्यावरचे एक वर्ष पुरेसे मानले गेले, आणि कामाच्या हक्कात निवासाचा हक्क गृहीत धरला गेला.

‘जैसे थे’ कलम : अंकारा कराराला जोडलेल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने (पुरवणी कराराने) स्वतंत्र व्यवसाय व सेवा यांवर नवे निर्बंध घालण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये तो १ जानेवारी १९७३ पासून लागू असल्याने तुर्की व्यावसायिकांचे अर्ज कित्येक दशकांनंतरही १९७३ च्याच नियमांनी तपासावे लागत. ब्रेक्झिटनंतर, २०२० च्या अखेरीस, ही वाट नव्या अर्जदारांना बंद झाली. सोयसाल खटल्यात (२००९) जर्मनीत माल नेणाऱ्या तुर्की ट्रकचालकांना याच कलमाचा आधार मिळाला. नातेवाइकांच्या भेटीसाठी येणाऱ्यांना मात्र तो देमिरकान खटल्यात (२०१३) नाकारला गेला.

यूरोपबाहेर लिबिया, सौदी अरेबिया व नंतर रशिया येथे तुर्की कामगार बहुधा तुर्की बांधकाम कंत्राटदारांमार्फत गेले.