कर्तनसामर्थ्य-ऱ्हास पद्धत

मातीचा किंवा खडकाचा उतार कोसळण्यापासून किती दूर आहे, हे संगणकीय प्रतिमानावरून ठरवण्याची पद्धत. सांत घटक (उताराचे छोटे तुकडे पाडून) किंवा सांत अंतर (बिंदूंच्या जाळीवर) पद्धतीने उताराचे प्रतिमान उभारून त्यावर गुरुत्वभार लावतात. मग कर्तनसामर्थ्याची, म्हणजे सरकण्याला मातीकडून होणाऱ्या विरोधाची, दोन मापे – संसक्ती (कणांची आपसातली चिकटण) आणि घर्षणकोनाची (कणांमधील घर्षण दाखवणाऱ्या कोनाची) स्पर्शज्या – यांना एकाच ऱ्हास गुणांकाने भागत जातात. ज्या गुणांकाला समतोल सापडेनासा होतो, तो सुरक्षितता गुणांक. घसरणपृष्ठ आधी गृहीत धरावे लागत नाही आणि कापांमधील बलांविषयीही काही मानावे लागत नाही. सीमा समतोल पद्धतींपेक्षा (घसरणाऱ्या मातीचे उभे काप कल्पून समतोल तपासणाऱ्या पद्धतींपेक्षा) हा मुख्य फरक.

पद्धतीचे जनकत्व बहुधा झिएंकिएविच, हंफेसन व लुईस यांच्या १९७५ च्या लेखाला दिले जाते. त्या लेखाचा मुख्य विषय मात्र सहचारी व असहचारी आकार्यता (मातीच्या कायमच्या विरूपणाचे दोन गणिती प्रकार) हा आहे. उतार तेथे उदाहरणापुरता येतो. ‘कर्तनसामर्थ्य-ऱ्हास’ हे नाव शीर्षकात घेऊन पद्धत स्वतंत्रपणे मांडली ती मात्सुई व सान यांनी १९९२ मध्ये. काही अभ्यासक खरा आरंभ तेथून धरतात. वापर फोफावला तो १९९९ नंतर. त्या वर्षी ग्रिफिथ्स व लेन यांनी सांत घटकांनी, तर डॉसन, रॉथ व ड्रेशर यांनी सांत अंतर पद्धतीने केलेली पडताळणी प्रसिद्ध झाली. सुरक्षितता गुणांक म्हणजे उपलब्ध सामर्थ्य व समतोलास लागणारे सामर्थ्य यांचे गुणोत्तर, ही व्याख्या बिशप यांच्या १९५५ च्या काप पद्धतीतही आहे. त्यामुळे कल्पना जुनी आणि १९७५ चे काम तिचे संगणकीय रूप, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ग्रिफिथ्स व लेन यांचे पहिले उदाहरण आजही नव्या प्रणालीच्या तपासणीला घेतात: उतार २ आडवे १ उभे, घर्षणकोन २० अंश, संसक्ती ही एकक वजन व उंची यांच्या गुणाकाराच्या ०.०५ पट. उंची १० मी. व एकक वजन २० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरल्यास संसक्ती १० किलोपास्कल येते. उत्तर सुमारे १.४, बिशप-मॉर्गेनस्टर्न कोष्टकांवरून १.३८. गुणांक १.४ असताना संसक्ती ७.१ किलोपास्कल व घर्षणकोन १४.६ अंश उरतो. कोनालाच १.४ ने भागल्यास १४.३ अंश येतात. ही चूक नवशिक्यांच्या हस्तगणनेत वारंवार दिसते.

कोसळणे कशाला म्हणायचे, हा पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग. ग्रिफिथ्स व लेन यांच्या लेखात १,००० आवर्तनांत (गणनेच्या फेऱ्यांत) अभिसरण न होणे, म्हणजे उत्तर न स्थिरावणे, ही कसोटी होती. पण आवर्तनमर्यादा कमी ठेवली किंवा जाळी (घटकांची मांडणी) वेडीवाकडी असली, तर गणिती अडचणच कोसळणे समजली जाते. म्हणून माथ्यावरील बिंदूचे विस्थापन गुणांकासमोर आलेखून त्यात एकदम उसळी दिसते का, हे पाहावे. त्या उसळीचे सेंटिमीटर खऱ्या उताराचे समजू नयेत.

जाळी जाड (घटक मोठे) असेल तर गुणांक वाढून येतो. तीन बिंदूंचे साधे त्रिकोणी घटक तर जखडून जास्तच ताठ वागतात. आठ बिंदूंचे चौकोनी घटक, तेही कमी केलेल्या समाकलनासह (घटकातील कमी बिंदूंवर गणना करून), किंवा पंधरा बिंदूंचे त्रिकोणी घटक घ्यावेत. संसक्तीहीन वाळूत पृष्ठभागाचा पातळ थरच आधी घसरतो आणि खोलवरचा धोका झाकला जातो. पद्धत सर्वांत कमकुवत यंत्रणाच दाखवते, दुसरी नाही. उतारात घातलेले खिळे व खांब स्थितिस्थापक ठेवले, तर ते कधीच मोडत नाहीत आणि उत्तर फसवे चांगले येते.

मऊ चिकणमातीत निचरा न होणाऱ्या (पाणी बाहेर पडायला वेळ न मिळणाऱ्या) स्थितीसाठी परिणामी सामर्थ्यमापे (पाण्याचा दाब वजा करून काढलेली) आणि मोर-कूलोम प्रतिमान (संसक्ती व घर्षणकोनावर आधारलेले) एकत्र वापरल्यास सामर्थ्य वास्तवापेक्षा जास्त निघते, कारण कर्तनाने वाढणारा रंध्रदाब (कणांमधील पाण्याचा दाब) प्रतिमानात येत नाही. तेथे निचराहीन सामर्थ्य थेट द्यावे. सिंगापूरच्या निकोल हायवेलगतची खोदाई २० एप्रिल २००४ रोजी कोसळली. चौकशीत आढळलेल्या त्रुटींमध्ये आधारभिंतीच्या विश्लेषणातली नेमकी हीच निवड होती. आधारतुळ्यांच्या जोडांतील उणीव ही दुसरी. ताणासोबत सामर्थ्य गमावणाऱ्या ठिसूळ मातीत टप्प्याटप्प्याने पसरणारे भंजन ही पद्धत दाखवू शकत नाही, कारण ती सर्वत्र एकाच वेळी ऱ्हास करते.