मशीन पडलं असेल तर आधी तेवढं सांगा

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं सर्व्हेचं मशीन) किंवा ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं) आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवताना ‘पडलं’ हा शब्द सहसा कुणी काढत नाही. ‘जरा आडवं झालं होतं’, ‘ट्रायपॉड थोडा सरकला’, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं, ‘काही झालेलं नाही हो, फक्त सर्टिफिकेट द्या, कन्सल्टंट मागतोय’. मग आम्ही पेटी उघडतो, तर हँडलच्या एका कोपऱ्याला सिमेंट चिकटलेलं असतं.

आम्हाला कुणाची उलटतपासणी घ्यायची नसते. मशीन पडलंय की नाही, यावर आमचं काम ठरतं. न पडलेल्या मशीनचं कॉलिमेशन (दुर्बिणीची नजर सरळ आहे का), व्हर्टिकल इंडेक्स (उभ्या कोनाचा शून्य), कॉम्पेन्सेटर (किंचित कल आपोआप सावरणारा भाग) आणि अंतर तपासलं की बहुतेक वेळा भागतं. पडलेल्याचे उभा-आडवा दोन्ही अक्ष, ट्रायब्रॅक (मशीनखालची बैठक), फुटस्क्रू (तिचे लेव्हल करायचे स्क्रू), सगळं बघावं लागतं. ते न सांगता नेलेलं मशीन पंधरा दिवसांनी परत येतं, ट्रॅव्हर्स क्लोज होत नाही, म्हणजे मोजणी फिरून सुरुवातीच्या बिंदूशी जुळत नाही, म्हणून. तोवर ठाण्यात वागळे इस्टेटला आमच्याकडे दोन फेऱ्या झालेल्या असतात आणि साईटवर केलेलं काम पुन्हा तपासायची वेळ येते.

आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र पुढची. मशीन पडलं की साईटवरचा हुशार माणूस मेनूत जातो, तिथलं अ‍ॅडजस्टमेंट चालवतो, स्क्रीनवर ‘ओके’ येतं आणि काम पुढे सुरू होतं. कृपा करून हे करू नका. त्या मेनूत मशीन दुरुस्त होत नाही. मशीन स्वतःची चूक मोजतं, तो आकडा साठवतं आणि पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करतं. ऊन, प्रवास, काळ यांमुळे हळूहळू सरकलेल्या मशीनसाठी ते ठीकच आहे. पण आपटल्यामुळे दुर्बिणीचा आडवा अक्ष वाकडा झाला असेल, तर समोर सरळ बघताना तो दोष दिसतच नाही. दुर्बीण वर उचलली की तो वाढत जातो. घोडबंदर रोडला तिसाव्या मजल्याच्या कॉलमचा प्लम (ओळंबा) बघणाऱ्याला हे नेमकं नको तिथे भोवतं. शिवाय नवा आकडा साठवला की बहुतेक मशीनमध्ये जुना जातो. पडण्याआधी किती चूक होती आणि नंतर किती झाली, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो. तेव्हा मेनू उघडलाच तर जुन्या आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढा आणि बाहेर या.

स्वतः तपासायचं असेल तर जरूर तपासा, फक्त साठवू नका. शंभरेक मीटरवरचा, शक्यतो दुर्बिणीच्याच उंचीचा एखादा ठळक बिंदू फेस लेफ्ट आणि फेस राइटने, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटवून मशीन अर्धं फिरवून, धरा. आडव्या कोनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा, उभ्या कोनांची बेरीज ३६० अंश. जे कमीजास्त येईल त्याचा निम्मा भाग ही मशीनची चूक. कोनातले २० सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण १०० मीटरवर ते जवळपास १ सेंटिमीटर होतात. ऑटो लेव्हलसाठी पेग टेस्ट तुम्हाला ठाऊकच आहे: ६० मीटर अंतरावर दोन स्टाफ (उंची वाचायच्या पट्ट्या), मशीन एकदा बरोबर मध्ये लावून, एकदा एका स्टाफजवळ लावून. दोन स्टाफमधल्या उंचीच्या फरकात दोन्ही वेळांमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर आम्ही मशीन मागवून घेतो. आधी एक सोपी खूण बघा: फुटस्क्रू किंचित फिरवला तर रीडिंग हलून परत जागेवर यायला हवं. अडकत असेल तर आतला, कॉम्पेन्सेटरचा लोलक दुखावलाय. पेग टेस्टची तसदीही घेऊ नका.

प्रिझम (पोलवर लावलेली, मशीनचा किरण परत पाठवणारी काच) पडला तर काचेला तडा गेलाय का आणि ती होल्डरमध्ये हलतेय का, बघा. पोल वाकलाय का, तेही बघा. बबल मध्ये आणून पोल स्वतःभोवती अर्धा वळसा फिरवला की कळतं.

‘आज देतो, उद्या संध्याकाळी द्या’ हा आग्रह आम्ही मानत नाही, आणि त्यावरून थोडी बोलणी खातो. अ‍ॅडजस्ट केलेलं मशीन आम्ही एक रात्र तसंच ठेवतो आणि सकाळी पुन्हा कॉलिमेटर या तपासणीच्या यंत्रावर बघतो. रात्रीत आकडा सरकला तर काम अजून बाकी आहे. तपासणीत काहीच सापडलं नाही तरी तपासणीचे पैसे लागतात, कारण काही सापडलं नाही हे सांगायलाही तेवढाच वेळ जातो. वेळेचं म्हणाल तर १८०८ साली, तंजावरात सरफोजी राजे भोसले गादीवर असताना, भारताची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याचा अर्ध्या टनाच्या घरातला थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) तिथल्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आपटला. त्याचं कोन मोजायचं वर्तुळ सरळ करायला लॅम्बटनला सहा आठवडे लागले. आम्ही साधारण तीन दिवस मागतो. तेवढे दिवस काम अडणार असेल तर भाड्याने मशीन मिळेल, दुरुस्तीच्या ग्राहकांना सवलतीत.

पडण्याची कारणं म्हणाल तर ठरलेलीच. गुळगुळीत स्लॅबवर किंवा टाइल्सवर ट्रायपॉडचे पाय फाकतात. तळाशी साखळी किंवा साधी सुतळी बांधली तरी पुरतं. साखळी आमच्याकडे असते, सुतळी तुमच्याकडे असेलच. मशीन ट्रायपॉडला धरणारा सेंटर स्क्रू पूर्ण आवळेपर्यंत हँडलवरचा हात सोडू नका. ट्रायपॉडसकट मशीन खांद्यावर टाकून चालू नका. आणि बाईकवर पेटी दोन पायांमध्ये घेऊन खड्ड्यांतून आलेलं मशीन न पडताही बिघडतं. आतला फोम दबला असेल तर नवा बसवून देतो.

पावसात भिजलं असेल तर पुसून, पेटी उघडी ठेवून आणा. बंद पेटीत एक रात्र राहिलं की लेन्सवर बुरशीची सुरुवात होऊ शकते. स्क्रू उघडू नका. येण्याआधी जॉबचा डेटा उतरवून घ्या. बॅटरी, चार्जर, ट्रायब्रॅक आणि ज्या ट्रायपॉडवरून पडलं तो ट्रायपॉडही आणा. अर्ध्या वेळा मशीन ठीक निघतं आणि ट्रायपॉडचं डोकंच ढिलं असतं.